केमोनंतरच्या मळमळीवर 'डोक्याची गोळी' का देतात?

केमोथेरपीचा पहिला डोस घेऊन पेशंट घरी येतो. औषधांची पिशवी उघडली जाते आणि घरातलं कुणीतरी एकेका गोळीचं नाव मोबाइलवर शोधायला लागतं. ऑन्डान्सेट्रॉन: उलटीवरचं औषध. डेक्सामेथासोन: स्टेरॉइड, पण ते डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. मग येतं ओलॅन्झापिन. पहिल्याच ओळीत 'स्किझोफ्रेनिया', दुसऱ्या ओळीत 'बायपोलर'. स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर जातो. कुणी म्हणतं, केमिस्टने चुकीची गोळी दिली. कुणी विचारतं, आजार कॅन्सरचा आणि औषध वेडाचं कसं? गोळी बाजूला ठेवली जाते.

पहिला दिवस बरा जातो, कारण सलाइनमधून दिलेल्या औषधांचा असर टिकून असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटात ढवळायला लागतं, फोडणीचा वास सहन होत नाही, पाणी प्यायलं तरी उमासे येतात. तेवढे दिवस कसेबसे निघतात, पण पुढच्या डोसची तारीख जवळ आली की पेशंट म्हणतो, 'मला नको ती केमो.' आणि खरा धोका इथे आहे. डोस लांबले किंवा उपचार अर्धवट सुटले, तर जो आजार आटोक्यात येण्यासारखा होता तोही हाताबाहेर जाऊ शकतो.

ती गोळी चुकून आलेली नसते. केमोमुळे होणाऱ्या मळमळीवर आज मिळणाऱ्या प्रभावी औषधांपैकी ती एक आहे, आणि ती किती कमी मात्रेत पुरते हे दाखवणारी एक महत्त्वाची चाचणी मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये झाली आहे.

खारघर ते गाव

खारघरच्या सेक्टर २२ मधलं 'ॲक्ट्रेक' याच टाटा मेमोरियल सेंटरचा भाग आहे. पूर्ण नाव 'ॲडव्हान्स्ड सेंटर फॉर ट्रीटमेंट, रिसर्च अँड एज्युकेशन इन कॅन्सर', पण पेशंटच्या तोंडी ते 'खारघरचं टाटा'. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. कॅन्सरवरच्या संशोधनासाठी वेगळी संस्था १९५२ पासून परळलाच होती. २००२ मध्ये हे संशोधन खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी हललं आणि तिथे उपचारही होऊ लागले. केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली हा सगळा कारभार चालतो.

इथे येणारे पेशंट फक्त नवी मुंबईचे नसतात. कोकणातून, विदर्भातून, पार बिहार-बंगालमधून लोक येतात. केमो अनेकदा डे-केअरमध्ये होते: सकाळी नंबर लावायचा, दिवसभर सलाइन, संध्याकाळी बाहेर. नंतर कुणी हार्बर लाइन पकडतं, कुणी धर्मशाळेत जातं, कुणी रात्रीच्या एसटीने थेट गावी. म्हणजे उलटीचे अवघड दिवस येतात तेव्हा नर्स जवळ नसते, जवळ असते ती औषधांची पिशवी. म्हणून त्या पिशवीत काय आहे आणि का आहे, हे घरच्यांना कळणं गरजेचं ठरतं.

मळमळ एक, दारं अनेक

मळमळ आणि उलटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत त्यासाठी शब्दही वेगळे आहेत: मळमळणं, पोटात ढवळणं, उमासे येणं आणि मग प्रत्यक्ष ओकारी. औषधांनाही हा फरक कळतो. काही औषधं उलटी छान थांबवतात, पण मळमळ तशीच ठेवतात. 'उलटी झाली का?' असं डॉक्टर विचारतात, पेशंट खरं सांगतो, 'नाही झाली', आणि पाच दिवस पोटात काही गेलेलं नाही हे सांगायचं राहूनच जातं.

उलटीचा हुकूम मेंदूच्या खालच्या टोकाकडून, मणक्याला जोडणाऱ्या भागातून सुटतो. तिथपर्यंत निरोप पोचायची दारं मात्र बरीच आहेत. एक दार आतड्याचं. शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन आतड्यात असतं. केमोमुळे तिथल्या पेशी दुखावल्या की ते एकदम बाहेर पडतं आणि पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नावाची मज्जातंतू खडबडून जागी होते. दुसरं दार रक्ताचं. मेंदूत 'एरिया पोस्ट्रेमा' नावाचा एक चिमुकला भाग आहे, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला पहारा मुद्दामच सैल आहे. रक्तात विषारी काही आलं की त्याला आधी कळतं. तिसरं दार कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचं. घाटात गाडी लागते ती इथून. चौथं दार वास, आठवण आणि भीती यांचं.

प्रत्येक दाराला कुलूप वेगळं. म्हणूनच एसटीत बसण्यापूर्वी घ्यायची 'ॲव्होमिन' केमोच्या उलटीवर फारशी कामाची नाही, आणि केमोत उत्तम चालणारं ऑन्डान्सेट्रॉन वरंधा घाटात फारसं उपयोगी पडत नाही. शेजारणीला ज्या गोळीने गुण आला ती आपल्यालाही चालेल, हा हिशेब मळमळीत सर्वांत जास्त चुकतो.

बादली उशाशी ठेवण्याचा काळ

सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध १९७८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. वृषणाच्या कॅन्सरसारख्या आजारांत त्याने चमत्कार वाटावा असे निकाल दिले, पण उलटीचं आधी औषध दिलं नाही तर ते घेणाऱ्या दहातल्या नऊहून अधिक जणांना उलट्या होतात. १९८१ मध्ये मेटोक्लोप्रामाइड (आपल्याकडे 'पेरिनॉर्म' म्हणून ओळखीचं) मोठ्या मात्रेत देऊन या उलट्या कमी करता येतात असं दिसलं. पण त्याने काहींची मान वाकडी व्हायची, डोळे वर फिरून अडकायचे. तरुण पेशंटमध्ये हे जास्त.

चित्र बदललं ते १९९१ मध्ये. आतड्याच्या दारावरचं सेरोटोनिन अडवणारं ऑन्डान्सेट्रॉन त्या वर्षी अमेरिकेत मंजूर झालं. आज भारतातल्या लहानशा गावातल्या मेडिकलमध्येही ते 'एमिसेट' वगैरे नावांनी मिळतं. पुढे त्याच कुळातलं जास्त काळ टिकणारं पॅलोनोसेट्रॉन आलं. २००३ च्या सुमारास ॲप्रेपिटंट आलं, जे 'सब्स्टन्स पी' नावाच्या दुसऱ्याच निरोप्याला अडवतं आणि उशिरा येणाऱ्या उलट्यांवर चांगलं चालतं. जोडीला स्टेरॉइड, म्हणजे डेक्सामेथासोन. हे त्रिकूट जगभर रूढ झालं.

उलट्या बऱ्याच आटोक्यात आल्या. मळमळ मात्र पुरती हटेना.

चौथी गोळी

ओलॅन्झापिन १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते मनोविकारांसाठीच. पण हे औषध एकाच दारावर बसत नाही. ते डोपामिन अडवतं, सेरोटोनिनचे काही प्रकार अडवतं, हिस्टामिनही अडवतं. मानसोपचारात त्याचा एक 'दुष्परिणाम' सगळ्यांना माहीत होता: भूक वाढते, वजन वाढतं. मळमळीने अन्न नकोसं झालेल्या माणसाला याच गुणाचा फायदा होईल का, हा विचार कॅन्सरच्या डॉक्टरांच्या मनात आला.

२०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ३८० रुग्णांवरची चाचणी छापून आली. सगळ्यांना नेहमीचं त्रिकूट दिलं. निम्म्यांना त्यासोबत रोज १० मिलिग्रॅम ओलॅन्झापिन, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. पहिल्या २४ तासांत अजिबात मळमळ न झालेले लोक ओलॅन्झापिनच्या गटात ७४ टक्के होते, दुसऱ्या गटात ४५ टक्के. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने तीव्र उलटी आणणाऱ्या केमोसाठी चार औषधांचा सल्ला दिला.

पण १० मिलिग्रॅमने झोप फार येते. माणूस दिवसभर गुंगीत राहतो, उठताना चक्कर येते, वयस्कर माणूस रात्री बाथरूमला जाताना पडू शकतो. जपानमध्ये सिस्प्लॅटिन घेणाऱ्या सुमारे ७०० रुग्णांवर निम्म्या मात्रेची, ५ मिलिग्रॅमची चाचणी झाली आणि तीही मात्रा उपयोगी ठरली. निकाल २०२० मध्ये आला. मग प्रश्न उरला की अजून खाली जाता येईल का?

हा प्रश्न टाटा मेमोरियल सेंटरमध्ये डॉ. ज्योती बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. तीव्र उलटी आणणारी केमो घेणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले. त्रिकूट दोघांनाही, एका गटाला १० मिलिग्रॅम ओलॅन्झापिन, दुसऱ्याला फक्त २.५, म्हणजे पाव मात्रा. दोन्हीकडे चार दिवस. 'पूर्ण नियंत्रण' कशाला म्हणायचं याची व्याख्या कडक होती: पाच दिवसांत एकही उलटी नाही, जास्तीचं औषध घ्यावं लागलं नाही, आणि मळमळ झालीच तर अगदी किरकोळ.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निकाल आला. पूर्ण नियंत्रण पाव मात्रेच्या गटात ४५ टक्के रुग्णांना मिळालं, पूर्ण मात्रेच्या गटात ४४ टक्के. फरक नाहीच म्हणा. गुंगीत मात्र मोठा फरक होता. दिवसा झोप येण्याची तक्रार पाव मात्रेच्या गटात ६५ टक्के जणांनी केली, पूर्ण मात्रेच्या गटात ९० टक्क्यांनी. आणि पहिल्या दिवशी तीव्र गुंगी होती अनुक्रमे ५ आणि ४० टक्क्यांना.

ही चाचणी एकाच संस्थेत झाली, त्यातल्या बहुतेक रुग्ण स्तनाच्या कॅन्सरच्या महिला होत्या, आणि कोणाला किती मात्रा मिळतेय हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून प्रत्येक डॉक्टर लगेच २.५ वर येईल असं नाही. कुठे ५ लिहून देतात, कुठे अजून १०. आणि चार-चार औषधं देऊनही निम्म्याहून अधिक रुग्णांना थोडाफार त्रास झालाच, हेही त्याच आकड्यांत आहे. 'हल्ली केमोत उलट्या होतच नाहीत' असं जे सांगितलं जातं, ते तितकंसं खरं नाही.

तरी फॅमिली ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. स्किझोफ्रेनियात ओलॅन्झापिन साधारण रोज १० ते २० मिलिग्रॅम, महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षं घेतलं जातं. केमोत ते अनेकदा त्याहून कमी मात्रेत, मोजून चार रात्री. वजन आणि साखर वाढण्याची जी भीती इंटरनेटवर वाचायला मिळते ती मुख्यतः दीर्घकाळच्या वापराची आहे. चार गोळ्यांनी कुणी 'मानसिक रुग्ण' होत नाही आणि सवयही लागत नाही. (आणि मनोविकाराची गोळी घेण्यात लाज वाटावी असं काही नाही, हेही जाता जाता सांगायला हवं.)

आणखी एक, हे औषध महाग नाही. पेटंट केव्हाच संपलं आहे, भारतात कितीतरी कंपन्या ते बनवतात.

गोळी वेळेवर, त्रास नसला तरी

केमोनंतरच्या उलटीचे डॉक्टर दोन टप्पे मानतात: पहिले २४ तास आणि त्यानंतरचे चार-पाच दिवस. सिस्प्लॅटिनसारख्या औषधात दुसऱ्या टप्प्याचा जोर ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान असतो. सोमवारी केमो झाली तर बुधवार-गुरुवार अवघड. नेमकं तेव्हाच पेशंटला वाटतं, 'काल तर बरं होतं, गोळ्या कशाला वाढवायच्या?'

मळमळ सुरू झाल्यावर थांबवणं कठीण, सुरू होण्याआधी अडवणं सोपं. या गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या 'दुखलं तर घ्या' प्रकारच्या नाहीत. चिठ्ठीवर 'एसओएस' लिहिलेली गोळी असेल तर ती वेगळी, गरज पडली तरच घ्यायची. बाकीच्या घड्याळ लावून. दोन्ही एकाच डब्यात मिसळून ठेवल्या की गोंधळ होतो. पाकिटावर पेनने मराठीत लिहून ठेवलेलं बरं.

डेक्सामेथासोन शक्यतो सकाळी, काहीतरी खाऊन घेतात, कारण ते झोप उडवतं. ते रक्तातली साखरही वाढवतं. घरोघरी डायबेटिस असलेल्या आपल्या राज्यात हा मुद्दा छोटा नाही: साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते केमोच्या डॉक्टरांना आधीच सांगायचं आणि त्या दिवसांत ग्लुकोमीटर हाताशी ठेवायचा. ओलॅन्झापिन रात्री. दुसऱ्या दिवशी स्कूटर किंवा गाडी चालवायची नाही, आणि अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसायचं. ऑन्डान्सेट्रॉनने पोट साफ होत नाही, डोकं दुखतं. बद्धकोष्ठामुळे पुन्हा मळमळ वाढते आणि लोक आणखी ऑन्डान्सेट्रॉन घेतात. हा फेरा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुटत नाही.

घरात पडलेली 'पेरिनॉर्म' किंवा 'डॉमस्टाल' आपल्या मनाने यात घालायची नाही. मेटोक्लोप्रामाइड आणि ओलॅन्झापिन दोन्ही डोपामिन अडवतात, एकत्र घेतली तर मान-जबडा आखडण्यासारखे त्रास वाढू शकतात. डॉमपेरिडोन आणि ऑन्डान्सेट्रॉन या जोडीने हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडण्याचा धोका असतो.

'गाडी लागते का?'

केमोआधी डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला तर तो गप्पांचा भाग नाही. ज्यांना पूर्वीपासून गाडी लागते, ज्यांना गरोदरपणात खूप उलट्या झाल्या होत्या, अशांना केमोत मळमळीचा धोका जास्त असतो. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, तरुणांना म्हाताऱ्यांपेक्षा जास्त. गंमत म्हणजे वर्षानुवर्षं नियमित दारू पिणाऱ्यांना त्रास कमी होतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्याचा उपाय म्हणून उपयोग नाही, पण कधीही न पिणाऱ्या, घाटात हमखास उलटी होणाऱ्या तरुण बाईला डॉक्टरांनी पहिल्यापासून पूर्ण बंदोबस्त करून द्यावा, एवढं त्यावरून कळतं. विचारलं नाही तर आपणहून सांगावं.

पहिल्या खेपेला बंदोबस्त का हवा, याचं आणखी एक कारण चौथ्या दारात आहे. पहिल्या दोन-तीन डोसांना उलट्या झाल्या की मेंदू ती जागाच लक्षात ठेवतो. मग पुढच्या वेळी औषध शरीरात जाण्याआधीच, हॉस्पिटलचा रस्ता दिसला, स्पिरिटचा वास आला, सलाइनचा स्टँड दिसला तरी मळमळ सुरू होते. नाटक नसतं ते. घंटेच्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटण्याचा पाव्हलॉवचा प्रयोग शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो, तसंच हे. नेहमीची उलटीची औषधं इथे कमी पडतात. आदल्या रात्री चिंता कमी करणारी सौम्य गोळी, श्वासाचे आणि शरीर सैल सोडण्याचे व्यायाम, समुपदेशन यांचा उपयोग होतो. सर्वांत चांगला उपाय म्हणजे पहिल्या डोसला उलटी होऊच न देणं.

आलेपाक, आवळासुपारी आणि लाह्यांचं पाणी

घरगुती उपायांत आल्याचं वजन सर्वांत जास्त, आणि ते उगीच नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत ५७६ कॅन्सर रुग्णांवर झालेल्या चाचणीत केमोच्या तीन दिवस आधीपासून रोज अर्धा ते दीड ग्रॅम सुंठीच्या कॅप्सूल देण्यात आल्या. पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर झालेला, २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही आल्याच्या बाजूचा होता. इतर काही चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही. या सगळ्या चाचण्यांत उलटीची नेहमीची औषधं चालूच होती. आलं त्यांच्या जोडीला होतं, बदली नव्हतं. आलेपाकाची वडी चघळायला हरकत नाही. पण प्लेटलेट कमी झाले असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर सुंठीच्या कॅप्सूल आणि काढे डॉक्टरांना विचारूनच.

आवळासुपारी, लिंबाची फोड मीठ लावून, वेलदोडा, बडीशेप: यांनी तोंडाची चव बदलते, लाळ सुटते, चार घास जातात. एवढं काम त्यांच्याकडून घ्यावं. तोंड आलं असेल तर आंबट-खारट झोंबतं, तेव्हा नको. साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून ते पाणी घोट घोट देण्याची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. मळमळीवर ते औषध म्हणून सिद्ध झालेलं नाही. पण हलकं, वास नसलेलं आणि उकळून गार केलेल्या पाण्यात केलं तर निर्धोक आहे, आणि पोटात काही न टिकणाऱ्या माणसाला एवढंही पुष्कळ असतं.

मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मध्ये दाबायचा जो बिंदू व्हिडिओंत दाखवतात, त्याचा उपयोग ऑपरेशननंतरच्या मळमळीत बऱ्यापैकी सिद्ध झाला आहे. केमोत निकाल संमिश्र आहेत. करून बघण्यात तोटा नाही.

भस्मं, अनोळखी 'आयुर्वेदिक ड्रॉप्स' आणि व्हॉट्सॲपवरचे गव्हांकुराचे प्रयोग मात्र केमोच्या काळात बंद. काहींनी यकृतावर ताण येतो, काही केमोच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वरखाली करतात.

रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, गाडीवरचं लिंबूसरबत यांचा मोह मळमळीत फार होतो, आणि नेमके तेच नकोत. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. साध्या जंतुसंसर्गानेही तेव्हा ॲडमिट व्हावं लागतं. शहाळं समोर फोडून लगेच प्यायलं तर चालतं, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर.

ताटात काय

गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून गार किंवा कोमट जेवण सोपं जातं: दहीभात, मऊ खिचडी, भाताची पेज, राजगिऱ्याची वडी, कुरमुरे. दिवसातून दोनदा ताट भरून वाढण्यापेक्षा दर दोन तासांनी वाटीभर. पाणी जेवणासोबत नाही, मधल्या वेळात. स्वयंपाक चालू असताना पेशंटने दुसऱ्या खोलीत बसावं. वन रूम किचनमध्ये हे अवघड असतं, तेव्हा निदान फोडणीचं जेवण ते झोपलेले असताना करावं. सर्वांत आवडता पदार्थ मळमळीच्या दिवसांत आग्रहाने खाऊ घालू नये. मेंदू त्याचीही सांगड उलटीशी घालतो आणि तो पदार्थ पुढे महिनोन्महिने नकोसा होतो.

आग्रहाबद्दलच बोलायचं तर, 'दोन घास तरी खा' हे प्रेमाने म्हटलं जातं, पण त्या चार दिवसांत माणूस कमी जेवला तरी चालतं. पाणी कमी पडून चालत नाही. उलट्या झाल्या असतील तर ओआरएस. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

सगळी मळमळ केमोची नसते

औषधं नीट घेऊनही उलट्या थांबत नसतील तर कारण दुसरं असू शकतं. पोट फुगलंय, वारासुद्धा सरत नाही आणि उलटी होतेय, म्हणजे आतडं अडलेलं असू शकतं. सकाळी उठल्यावर डोकं फुटेल असं दुखून उलटी होत असेल तर मेंदूतला दाब तपासावा लागतो. खूप तहान, सुस्ती आणि बरळणं यासोबतची मळमळ रक्तातलं कॅल्शियम वाढल्याची खूण असू शकते. मॉर्फिन नुकतं सुरू झालं असेल तर पहिले काही दिवस मळमळ होते. या प्रत्येकाचा उपाय वेगळा.

गरोदरपणातली मळमळ तर वेगळीच गोष्ट. तिथे डॉक्सिलामिन आणि 'बी-६' जीवनसत्त्व यांची गोळी देतात. मळमळीवर कारण न बघता औषध वाटलं की काय होतं, हे जगाने तिथेच पाहिलं: १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड गरोदर बायकांना मळमळीसाठी सर्रास दिलं गेलं. हात-पाय न वाढलेली हजारो बाळं जन्मल्यावर १९६१ मध्ये ते मागे घेण्यात आलं. तेच थॅलिडोमाइड आज मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर, गर्भधारणा टाळण्याच्या कडक अटी घालून दिलं जातं. कोणाला, कशासाठी आणि किती, हे बदललं की औषधही बदलतं. ओलॅन्झापिनचंही तसंच आहे.

कधी थांबायचं नाही

केमोनंतर अंगात १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा जास्त ताप आला, तर उलटी असो वा नसो, वेळ कुठलीही असो, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. २४ तास पाणीसुद्धा टिकलं नाही, आठ-दहा तास लघवी झाली नाही, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, उभं राहिल्यावर अंधारी आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तरीही तसंच. गावी असाल आणि खारघर-परळ लांब असेल तर जवळच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. सोबत केमोची फाइल न्यायची, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना कोणतं औषध कितव्या दिवशी दिलंय ते पहिल्या पानावर दिसेल.

आणि पुढच्या डोसला जाताना एका कागदावर पाच दिवसांचा हिशेब: कोणत्या दिवशी किती उलट्या, मळमळ शून्य ते दहापैकी किती, किती जेवण गेलं, कोणती गोळी चुकली, झोप किती आली. 'बराच त्रास झाला' यावरून डॉक्टरांना फार काही ठरवता येत नाही. 'तिसऱ्या दिवशी मळमळ आठ, उलट्या चार, ओलॅन्झापिन घेतलंच नव्हतं' यावरून ठरवता येतं.